बकासुर आणि मुंबईच्या कोंबड्या

बरेच दिवस इकडे फिरकले नव्हते. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग पाऊस, मग नुसताच आळस. दोघातिघांनी फोन करून विचारलं, "बाई, लिहिणं बंद केलंत की काय?" बंद नव्हतं केलं. पण काहीतरी खटकल्याशिवाय माझा हात चालत नाही, हे तुम्हा जुन्या मंडळींना ठाऊक आहे. परवा खटकलं. चांगलंच खटकलं.

घरचाच साखरपुडा होता. जेवायला पंगत. (बुफे नव्हता, ही यजमानांची कृपा. हातात ताट घेऊन उभ्यानं जेवणं मला या जन्मी जमणार नाही.) माझ्या शेजारी भाच्याची मुलगी बसली होती, वय वर्षं बारा. अंगानं भरलेली आहे, पण काय सांगू, त्या वयात इतकं वाचणारी मुलगी मी अलीकडे पाहिलेली नाही. पुरणपोळी फिरायला आली. पोरीनं दुसरी घ्यायला पान जरा पुढे सारलं, तेवढ्यात समोरच्या रांगेतून आवाज आला, "अगं पुरे आता! दारातून बाहेर पडायचंय ना?" सगळी पंगत हसली. पोरीनं पानावर हात आडवा धरला आणि मग जेवण होईपर्यंत मान वर केली नाही.

तिची ती दुसरी पोळी होती. ज्याचा आवाज होता, त्याची पाचवी. मी मोजत होते. छत्तीस वर्षं मास्तरकी केली, मोजायची सवय जात नाही. आणि ते पाच पोळ्यावाले गृहस्थ शिडशिडीत आहेत, तेव्हा त्यांना कोणी काही म्हणत नाही. त्यांचं खाणं म्हणजे "तब्येतीत जेवणं" आणि पोरीचं खाणं म्हणजे हावरटपणा.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अरे, जाडी म्हणजे नुसतं खाणं नव्हे. त्यात एखाद्या विषाणूचाही हात असू शकतो असं संशोधन आहे, आणि ते सुरू झालं आपल्याच मुंबईत." झालं! आता पंगतीला नवीन विषय मिळाला. "आत्या, मग मास्क लावून जेवायचं का?" "आत्या, म्हणजे शेजारी बसलं की जाडी लागते?" आणि आमचा बापू, पुण्याचा इंजिनिअर, एकदम गंभीर चेहरा करून म्हणाला, "आत्या, ही पळवाट आहे. खाणाऱ्यांनी शोधलेली."

पंगतीत पोळीही निवते आणि मुद्दाही. तिथं मी गप्प बसले. इथं बसणार नाही. बापू, तू हे वाचतोस हे मला माहीत आहे, निदान तुझी आई तुला वाचून दाखवते. तेव्हा ही आत्या काय म्हणत होती ते आता नीट ऐक. मी बी.ए. मराठी. विज्ञान मला कधी शिकवायला मिळालं नाही. पण वाचता येतं, आणि न समजलेलं चार वेळा वाचायला मला लाज वाटत नाही.

तर गोष्ट अशी. १९८०च्या दशकात पोल्ट्रीवाल्यांवर मोठं संकट आलं. कोंबड्या पटापट मरू लागल्या. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातले डॉ. एस. एम. अजिंक्य हे त्या साथीचा शोध घेत होते. मेलेल्या कोंबड्या कापून पाहिल्या तेव्हा त्यांना यकृत आणि मूत्रपिंडं मोठी झालेली दिसली, आणि पोटात चरबीच चरबी. ही साथ विषाणूची असावी असा त्यांचा कयास होता. ही हकिगत त्यांनी एका तरुण डॉक्टरला बोलता बोलता सांगितली. ते डॉ. निखिल धुरंधर. मुंबईत लठ्ठपणावर उपचार करणारे. त्यांचे वडीलही त्याच विषयातले डॉक्टर. म्हणजे दिवसभर डोळ्यांसमोर कोण, तर वजन उतरवू पाहणारी आणि न उतरल्यामुळे खाली मान घालून बसलेली माणसं.

आता गंमत बघा. दुसऱ्या कोणी ही हकिगत ऐकली असती तर "अरेरे" म्हणून विषय बदलला असता. धुरंधरांना एक साधी गोष्ट खटकली. आजारानं मरणारं जनावर वाळतं. खाणं सुटतं, हाडं वर येतात. मग या कोंबड्या मरताना लठ्ठ कशा? प्रश्न एवढाच. मी वर्गात नेहमी सांगत असे की उत्तरं पाठ करणारे ढीगभर मिळतील, प्रश्न खटकणारा एखादाच असतो.

त्यांनी निरोगी कोंबड्या घेतल्या. काहींना तो विषाणू टोचला, काहींना नाही. दोन्हीकडचा दाणा एकच. ज्यांना टोचला त्यांच्या पोटात चरबी कितीतरी जास्त साठली. आणि विचित्र म्हणजे, त्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढायच्या ऐवजी उतरलं! जाड माणसाचं कोलेस्टेरॉल वाढलेलंच असणार असं आपण धरून चालतो. इथं सगळं उलटंच. या विषाणूला नाव मिळालं 'स्मॅम-१'. त्यातली अक्षरं अजिंक्यांच्या आणि त्यांच्या एका सहकाऱ्याच्या नावाची. म्हणजे आपल्या माणसांची नावं एका कोंबडीच्या विषाणूत जाऊन बसली आहेत. याचा अभिमान धरावा की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग त्यांनी मुंबईतल्याच ५२ लठ्ठ माणसांचं रक्त तपासलं. कोंबडीचा विषाणू माणसाला बाधत नाही असा समज होता. पण ५२ पैकी १० जणांच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. प्रतिपिंडं म्हणजे, सोप्या भाषेत, चोर येऊन गेल्यावर राहिलेल्या पोलिसांच्या खुणा. चोर आता घरात असेलच असं नाही, पण कधीतरी येऊन गेला. तर हे दहा जण उरलेल्या बेचाळीस जणांपेक्षा सरासरीनं बरेच जड होते, आणि कोलेस्टेरॉल मात्र त्यांचंच कमी. कोंबड्यांसारखंच. हा निबंध १९९७ साली छापून आला.

तोवर धुरंधर अमेरिकेत गेले होते. १९९२ साली चालता दवाखाना सोडून, बायकामुलांसह. कशासाठी, तर हा प्रश्न तडीला न्यायला. पण अमेरिकेच्या कृषी खात्यानं 'स्मॅम-१' देशात आणायला परवानगी दिली नाही. बरोबरच आहे म्हणा, कोंबड्या मारणारा विषाणू कोण घरात घेईल? माझ्यासारखी असती तर पहिल्या गाडीनं परत आली असती. ते राहिले. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डॉ. रिचर्ड अॅटकिन्सन यांच्याबरोबर त्यांनी दुसरी वाट काढली. कोंबडीचा विषाणू मिळत नाही ना, मग माणसाचा त्याच कुळातला घेऊ. या कुळाचं नाव अॅडिनोव्हायरस. सर्दी, खोकला, डोळे येणं, पोट बिघडणं, हे उद्योग यांचे. माणसाला बाधणारे त्या वेळी सुमारे पन्नास प्रकार माहीत होते. त्यातला छत्तीस नंबरचा त्यांनी उचलला. तोच का? तर त्याची प्रतिपिंडं इतर भावंडांशी मिसळत नाहीत, म्हणून रक्तात नेमकी ओळखता येतात. हा विषाणू पहिल्यांदा सापडला होता १९७८ साली, जर्मनीत, पोट बिघडलेल्या एका लहान मुलीच्या शौचात. आणि अमेरिकेत विषाणूंचा साठा करणारी संस्था असते, तिथून तो चक्क विकत मिळतो. आपल्याकडे बियाणं मिळतं तसा!

पुढचं थोडक्यात सांगते, नाहीतर तुम्ही जांभया द्याल. २००० साली त्यांचा निबंध आला: छत्तीस नंबर टोचल्यावर कोंबड्या आणि उंदीर, दोघांचीही चरबी वाढली. २००१ मध्ये, एका कोंबडीचं रक्त दुसरीला दिलं तर दुसरीही लठ्ठ होते हे दाखवलं. २००२ मध्ये माकडं. २००५ मध्ये ५०२ माणसांचं रक्त: लठ्ठ असलेल्यांत ३० टक्क्यांना प्रतिपिंडं, लठ्ठ नसलेल्यांत ११ टक्क्यांना. त्याच अभ्यासात जुळी भावंडंही होती. जुळ्यांपैकी एकाच्या रक्तात खूण असेल आणि दुसऱ्याच्या नसेल, तर खूण असलेलं भावंड जास्त जड. २००७ साली मग्दालेना पासारिका या संशोधक बाईंनी, शस्त्रक्रियेत लोकांच्या शरीरातून काढलेल्या चरबीतल्या मूळपेशी घेतल्या आणि त्यांना हा विषाणू लावला. त्या पेशी भराभर चरबीच्या पेशी बनू लागल्या. विषाणूतला एक विशिष्ट जनुक पेशीला रक्तातली साखर ओढून घ्यायला लावतो, चरबी साठवायला लावतो. रक्तातलं सगळं आत ओढलं जात असेल तर रक्त स्वच्छ दिसणारच की. त्या उतरलेल्या कोलेस्टेरॉलचं कोडं मला इथं थोडं उलगडलं. २०१० साली सॅन दिएगोमधल्या १२४ मुलांची तपासणी झाली. लठ्ठ मुलांपैकी २२ टक्क्यांना खूण, इतरांत ७ टक्क्यांना. आणि खूण असलेली मुलं इतरांपेक्षा सरासरी ५० पौंडांनी जड. पन्नास पौंड म्हणजे बावीस-तेवीस किलो, बापू. मुलांमध्ये.

या सगळ्याला त्यांनी नाव दिलं 'इन्फेक्टोबेसिटी'. कल्पना अगदीच आकाशातून पडलेली नव्हती. १९८२ सालीच कुत्र्यांच्या एका रोगाच्या विषाणूनं उंदीर लठ्ठ होतात हे दुसऱ्या मंडळींनी छापलं होतं. लोकांनी तेव्हाही खांदे उडवले असणार.

आता दुसरी बाजू. ती मी लपवणार नाही, कारण लपवली तर बापूच्या आणि माझ्यात फरक काय राहिला? याच २०१० साली अमेरिकी सैनिकांच्या रक्ताची तपासणी झाली. तिथं जाड आणि सडपातळ यांच्यात काही फरक दिसला नाही. बेल्जियम-हॉलंडमध्ये ५०९ जणांना तपासलं, तिथं मुळात शंभरात पाच-सहा जणांनाच खूण सापडली आणि वजनाशी तिचा संबंध लागला नाही. पुढे सगळे अभ्यास एकत्र करून हिशेब मांडणाऱ्यांना संबंध आहेसा दिसला. पण संबंध म्हणजे कारण नव्हे. जाड शरीरात विषाणू जास्त सहज शिरत असेल, असंही असू शकतं. म्हणजे आधी कोंबडी की आधी अंडं! (इथं हा वाक्प्रचार किती चपखल बसला बघा.) खात्री करायची तर निरोगी माणसांना विषाणू टोचून बघावं लागेल, आणि ते करायला कोणी धजणार नाही, धजूही नये. तेव्हा प्रश्न आहे तिथं आहे. जनावरांत बऱ्यापैकी सिद्ध, माणसांत नाही.

"मग हेच तर मी म्हणतोय," असं बापू म्हणेल. "सिद्ध नाही ना? झालं."

नाही झालं. तू जे म्हणतोस ते तरी सिद्ध आहे का? "जाड आहे म्हणजे हावरट आहे, आळशी आहे, मनाचा निश्चय नाही," हे कोणत्या प्रयोगशाळेत सिद्ध झालं? कोणी ५०२ जणांचा निश्चय मोजला? विषाणूवाल्यांकडून तू रक्ताचा पुरावा मागतोस, तो मागायलाच हवा. आणि स्वतः मात्र पंगतीत एका बारा वर्षांच्या पोरीवर पुराव्याशिवाय निकाल देतोस. माझं भांडण एवढंच आहे. विषाणू खरा निघो की खोटा.

तुझा दुसरा मुद्दा मला माहीत आहे, कारण तो सगळ्या इंजिनिअरांचा असतो. "आत्या, ऊर्जेचा नियम आहे. आत जास्त, बाहेर कमी, की साठणारच." बरोबर. नियम कोण मोडतंय? पण हे कारण झालं का रे? बँकेतली शिल्लक वाढली, का वाढली, तर भरणा जास्त आणि खर्च कमी. हे कारण नव्हे, हे शिल्लक वाढली हेच दुसऱ्या शब्दांत सांगणं. भरणा का वाढला? भूक का लागते, कोणाला किती लागते, खाल्लेलं जळतं की साठतं, हे कोण ठरवतं? १९९७ साली इंग्लंडमध्ये दोन चुलत-आते भावंडं तपासली गेली. आठ वर्षांची मुलगी ८६ किलोंची आणि दोन वर्षांचा मुलगा २९ किलोंचा. त्यांच्या शरीरात लेप्टिन नावाचं, "आता पोट भरलं" असा निरोप देणारं संप्रेरकच तयार होत नव्हतं. पुढे त्या मुलीला ते इंजेक्शननं दिलं, तर भूक आटोक्यात आली आणि वजन उतरलं. तोवर तिचा निश्चय कमी होता आणि इंजेक्शन दिल्यावर वाढला का? अशी मुलं लाखांत एखादी, मान्य. पण एखादी तरी अशी असते, हे कळल्यावर निकाल देताना माणसाची जीभ जरा अडखळायला हवी.

आणि २०२५ साली ती वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं आपल्याकडच्या औषधांच्या दुकानांत आली, तेव्हा हीच मंडळी म्हणाली, "ही तर फसवणूक, मेहनत न करता!" दर आठवड्याला एक सुई घेतली की बाईची भूक शांत होते. मग आधी जे होतं तो दुर्गुण होता की भूक होती? (ती सुई महाग आहे, तिचे त्रासही आहेत, आणि ती मनानं घेऊ नये. मी तिची जाहिरात करत नाहीये. नाहीतर उद्या कोणीतरी म्हणेल, बाईंनी सांगितलं.)

हे असं पूर्वीही झालेलं आहे, आणि आमच्या घरात झालेलं आहे. माझ्या वडिलांना पोटात व्रण होता. अल्सर. त्या काळी सगळे डॉक्टर एकच सांगत: चिंता सोडा, तिखट सोडा. वडिलांनी बारा वर्षं दहीभात आणि मऊ खिचडी खाल्ली. त्यांच्यासाठी चिंता सोडणं म्हणजे काय, तर पाच मुलांचा बाप आणि एक पगार. आणि आई? आई शेवटपर्यंत म्हणायची, "माझाच हात तिखटाला सैल." तिनं स्वतःच्या हाताला दोष दिला. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वॉरन आणि मार्शल यांनी सांगितलं की बहुतेक व्रणांमागे एक जिवाणू असतो. लोक हसले. १९८४ मध्ये मार्शलनं ते जिवाणू घातलेलं पाणी स्वतः पिऊन दाखवलं, आजारी पडला. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. आता तोच आजार बऱ्याच जणांचा दोन आठवड्यांच्या गोळ्यांत बरा होतो. वडील १९७९ सालीच गेले. आई २००५ मध्ये होती. मी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. ऐकून स्वयंपाकघरात गेली.

म्हणून छत्तीस नंबरही खराच ठरेल असं मी म्हणत नाही. एक जिवाणू खरा निघाला म्हणून प्रत्येक विषाणू खरा होत नाही. बी.ए. झाले तरी एवढं तर्कशास्त्र मला कळतं. :)

बरं, माझ्या बाजूच्या लोकांवरही मी खूश नाही, तेही सांगते. हे संशोधन बाहेर आलं तेव्हा मथळे काय होते? "लठ्ठपणा संसर्गजन्य!" म्हणजे आजवर जाड माणूस हावरट होता, आता तो हावरट आणि वर अस्पृश्यही. शेजारी बसू नका! अरे, जरा विचार करा. अॅडिनोव्हायरस पसरतो तो ताज्या सर्दी-पडशाच्या दिवसांत. रक्तातली खूण मात्र पुढे वर्षानुवर्षं राहते. लागणार असेलच तर तो नाक गळणाऱ्या, काडीसारख्या पोराकडून लागेल. ज्याचं वजन पाच वर्षांपूर्वी वाढलं त्याच्याकडून कशाला? पंगतीत माझ्या शेजारच्या पोरीपेक्षा समोर बसून शिंकणारे ते पाच पोळ्यावालेच जास्त धोक्याचे.

आणि अॅटकिन्सनसाहेबांनी कंपनी काढून या विषाणूची रक्ततपासणी विकायला ठेवली, हे मला मुळीच आवडलेलं नाही. खूण सापडली तर पुढे काय? औषध नाही, लस बाजारात नाही. मग माणसानं त्या कागदाचं करायचं काय, फ्रेम करून भिंतीवर लावायची? प्रश्न अर्धा सुटलेला असताना त्याला किमतीची चिठ्ठी लावणं, हे बरं नव्हे. शोधणाऱ्यानं शोधावं. दुकान नंतर.

तसंच, विषाणूच सगळं करतो असं कोणी समजू नये. खुद्द धुरंधरांचाही असा दावा नाही. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २४ टक्के आणि पुरुषांपैकी जवळजवळ २३ टक्के जास्त वजनाचे निघाले. त्यात पुड्यांतलं तळकट आहे, थंड पेयं आहेत, पायी चालणं सुटलंय, रात्रीचं जागरण आहे. कबूल, शंभरदा कबूल. पण हेही निश्चयाचं गणित नव्हे. एका पिढीत चौथा हिस्सा बायका अचानक हावरट झाल्या? माझी आई बारीक होती, कारण विहिरीचं पाणी ओढत होती आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खात होती. तिला निग्रही म्हणायचं असेल तर म्हणा. मला तरी तो निग्रह वाटला नाही.

आता जे सांगायला मी इतकं लांबण लावलं, ते सांगते. टाळत होते, खरं तर.

१९८४ ते ८६ या सलग तीन वर्षांत आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची नाटुकली मी बसवली. महाभारतातला बकासुराचा प्रसंग मुलांना आवडतो. गाडाभर अन्न, भीम, मारामारी. पाचवीत एक मुलगा होता, वर्गात सगळ्यांत जाड. बकासुर तोच. आठवं नावच नव्हतं माझ्या मनात. सहावीत पुन्हा तोच, सातवीत पुन्हा तोच. मी त्याला भीम करू शकले असते. भीमही अंगानं थोरच होता की! पण माझ्या डोळ्यांना तो मुलगा बकासुरच दिसला. तो रंगमंचावर आला की पालक टाळ्या पिटत, आणि मी पडद्यामागे समाधानानं उभी. शाळेत त्याला पुढे सगळे बकासुर म्हणत. शिपाईसुद्धा. मीसुद्धा एकदोनदा म्हटलं असेल. "म्हटलं असेल" काय, म्हटलंच.

सात-आठ वर्षांपूर्वी तो मला एसटी स्टँडवर भेटला. चाळिशी उलटलेली, अजून अंगानं तसाच. "बाई," म्हणून वाकून नमस्कार केला. माझी पिशवी उचलून गाडीपर्यंत आणली, खिडकीजवळची जागा धरून दिली. गाडी सुटायला वेळ होता, म्हणून इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मी आपली मूर्खासारखी म्हणाले, "तुझा बकासुर अजून आठवतो हो!" तो हसला. म्हणाला, "बाई, मला पण. त्या तीन वर्षांत मी डबा कधी वर्गात खाल्ला नाही. पाण्याच्या टाकीमागे जाऊन खायचो. पोरं पोळ्या मोजायची ना. आणि दोनच असायच्या, बाई. दोनच पोळ्या असायच्या." हे सगळं हसतच सांगितलं त्यानं. राग कुठं नव्हता. मग गाडी सुटली.

दोन पोळ्या. त्याच्या आईनं किती बांधायच्या ते ठरवलं असेल, आणि तरी तो तसा का, याचा विचार तीन वर्षांत माझ्या मनात एकदाही आला नाही. त्याच सुमारास तिकडे मुंबईत एक माणूस मेलेल्या कोंबडीकडे बघून विचारत होता की ही लठ्ठ का. कोंबडीबद्दल! आणि माझ्यासमोर जिवंत मुलगा होता, वर्गात, तिसऱ्या बाकावर, आणि मला उत्तर आधीच माहीत होतं. खातो म्हणून. विचारण्यासारखं त्यात काय आहे?

त्या मुलाला विषाणू होता का, लेप्टिनचं काही होतं का, की घराण्याचीच ठेवण तशी होती, मला माहीत नाही, कधी कळणारही नाही. घराण्याचं म्हणाल तर डेन्मार्कमध्ये ५४० दत्तक माणसांचा अभ्यास १९८६ साली छापून आला होता. त्यांची अंगकाठी वाढवणाऱ्या आईबापांवर नव्हे, जन्मदात्या आईबापांवर गेली होती. कोणाच्या ताटात वाढली, त्यापेक्षा कोणाच्या पोटी जन्मली हे जास्त. हे सगळं त्याच वर्षांतलं आहे बघा, १९८६, माझ्या तिसऱ्या बकासुराचं साल. पण आमच्या गावच्या वाचनालयात डेन्मार्क कुठून येणार? आणि आलं असतं तरी मी वाचलं असतं का? खरं सांगायचं तर नसतं वाचलं. मला गरजच वाटत नव्हती.

बापू, त्या पंगतीत तू हसलास तेव्हा मला तुझा राग आला असं तुला वाटलं असेल. तुझा थोडा आला. जास्त राग कोणाचा आला ते आता कळलं असेल.

पोरीला मी दुसऱ्या दिवशी फोन केला होता. फोनवर शाळेचं, पुस्तकांचं बोलली. पोळीचा विषय मी काढला नाही, तिनंही नाही. फोन ठेवता ठेवता मात्र विचारलं, "पणजीआत्या, त्या कोंबड्यांचं खरं आहे का?" (पणजीआत्या हे तिनंच काढलेलं नाव, मी कोणाची पणजी नाही अजून.) मी म्हटलं, कोंबड्यांचं खरं आहे. माणसांचं अजून ठरायचं आहे. तर म्हणाली, "मग ते मीच शोधते मोठी झाल्यावर."

ती मुंबईच्या ५२ जणांची आणि सॅन दिएगोच्या मुलांची, अशी दोन्ही टिपणं मी मराठीत उतरवून ठेवली आहेत. बाळबोधच आहेत, पण आकडे सगळे आहेत. एक प्रत तिच्यासाठी, एक तुझ्यासाठी. रविवारी इकडे आलास की घेऊन जा. येताना तिला घेऊन ये, आणि चितळ्यांकडची बाकरवडी आणू नकोस, मागचीच अजून डब्यात पडली आहे.